झांझिबारचे स्टोन टाउन: हे शहर लवंगांनी वाढवले की गुलामांच्या बाजाराने?

प्रश्न : सांजवारा

नमस्कार. झांझिबारच्या जुन्या शहराविषयी, म्हणजे स्टोन टाउनविषयी, गेले काही महिने मिळेल ते वाचत आहे आणि वाचावे तितका एक प्रश्न अधिकच गुंतत चालला आहे. या शहराला २००० साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पर्यटकांसाठी लिहिलेल्या बहुतेक मजकुरात प्रवाळाच्या दगडाची उंच घरे, पितळी फुल्यांचे कोरीव दरवाजे आणि अरुंद गल्ल्या यांचे भरभरून वर्णन असते. त्याच मजकुरात पुढे सांगितलेले असते की, म्कुनाझिनी भागात आज जिथे अँग्लिकन चर्च उभे आहे, तिथे १८७३ पर्यंत गुलामांचा बाजार भरत असे आणि चर्चच्या वेदीपाशी फरशीत आखलेले वर्तुळ हे फटक्यांच्या खांबाची जागा दाखवते.

यापुढे मात्र लेखकांचे दोन तट पडतात. काहींच्या मते हे शहर माणसांच्या विक्रीवरच उभे राहिले आणि बाकीचे सगळे दुय्यम आहे. काहींच्या मते खरी कमाई लवंग आणि हस्तिदंत यांची होती, गुलामांचा व्यापार हा त्या काळच्या अनेक व्यापारांपैकी एक होता आणि मिशनऱ्यांनी तो वाढवून सांगितला. मला पडलेले प्रश्न असे आहेत. पहिला, या दोन मतांपैकी कोणते खऱ्याच्या जवळ आहे? दुसरा, सुलतानाच्या जकातीचा मक्ता कच्छी व्यापाऱ्यांकडे होता असे सर्वत्र वाचायला मिळते, तर या व्यवहारात हिंदुस्थानी पेढ्यांचा वाटा नेमका कशा स्वरूपाचा होता? तिसरा, १८७३ मध्ये बाजार बंद झाला म्हणजे प्रत्यक्षात काय बदलले?

इंग्रजी पुस्तकांची नावे नकोत; ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे मराठीत मांडणी केली तर अधिक आवडेल.

प्रतिसाद १ : जुनी वही

लवंग आणि गुलाम ही दोन स्वतंत्र खाती मानली की हा प्रश्न सुटतच नाही, असे माझे मत आहे. झांझिबारमध्ये लवंगांची लागवड ज्या वेगाने वाढली, त्यामागे गुलामांच्या व्यापारावर आलेली बंधने हे एक मोठे कारण होते. हे ऐकायला उलटे वाटेल, म्हणून थोडे मागून सांगतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची मागणी वाढवली ती मॉरिशस आणि रियुनियन या बेटांवरच्या फ्रेंच मळेवाल्यांनी. १७७६ मध्ये मोरीस नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने किल्वाच्या सुलतानाशी दर वर्षी १००० गुलाम पुरवण्याचा करार केला होता. अरबस्तान, इराणचे आखात आणि हिंदुस्थानचा पश्चिम किनारा इकडे जाणारा ओघ त्याहून कितीतरी जुना होता. ओमानचे सुलतान या किनाऱ्याचे सत्ताधीश होते आणि झांझिबार हे त्यांचे सोयीचे बंदर होते, कारण मोसमी वाऱ्यांवर चालणारी गलबते ईशान्येचा वारा धरून यायची, काही महिने थांबायची आणि नैऋत्येचा वारा सुटला की परतायची.

१८११ साली मुंबई सरकारने हा किनारा पाहून येण्यासाठी कॅप्टन स्मी याला धाडले. त्याने झांझिबारच्या बाजाराचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. विक्री दुपारी चारच्या सुमारास सुरू होई. आणलेल्या माणसांच्या अंगाला खोबरेल तेल चोळून ते चकचकीत केलेले असे, चेहऱ्यावर तांबडे आणि पांढरे पट्टे ओढलेले असत, हातापायांत आणि कानानाकांत दागिने घातलेले असत. त्यांची एक रांग लावली जाई आणि त्या रांगेत सर्वांत पुढे सर्वांत लहान मूल, त्यामागे वयाने आणि उंचीने वाढत जाणारी माणसे अशी मांडणी असे. शृंगाराचा हा सगळा थाट मालकाचा, भाव चढावा यासाठी केलेला.

आता बंधनांकडे येतो. १८२२ च्या मोरेस्बी तहाने ख्रिस्ती सत्तांच्या प्रजेला गुलाम विकण्यास मनाई झाली आणि डेलगाडो भूशिरापासून सोकोत्रा बेटाच्या बाहेरून थेट आपल्या दीवपर्यंत एक काल्पनिक रेषा आखण्यात आली, जिच्या पलीकडे गुलामांची गलबते नेता येणार नव्हती. फ्रेंच बेटांचे उघड गिऱ्हाईक त्यामुळे तुटले. १८४५ च्या हॅमर्टन तहाने पुढे उत्तरेकडील, म्हणजे अरबस्तानकडील निर्यातीवरही बंदी आली. किल्वाच्या मागे न्यासा सरोवरापर्यंत माणसे पकडून किनाऱ्यावर आणणारी यंत्रणा मात्र तशीच शाबूत होती. बाहेर न जाणारी माणसे बेटावरच कामाला लावता आली तर तीच मजुरी लवंगेच्या रूपाने निर्यात करता येत होती आणि लवंगेवर कोणत्याही तहाने बंदी नव्हती.

लवंगेची रोपे मॅस्करीन बेटांवरून, म्हणजे वर आलेल्या मॉरिशस-रियुनियनकडून, १८१० च्या दशकात इकडे आली होती. सय्यद सईद या सुलतानाने (कारकीर्द १८०६ ते १८५६) स्वतःचे मळे लावले आणि इतर जमीनदारांनाही लावायला भाग पाडले. प्रत्येक नारळामागे लवंगेची तीन झाडे लावावीत, असा त्याचा हुकूम असल्याचे सांगितले जाते. हे झाड पहिले पीक देण्यास सहा-सात वर्षे घेते आणि त्यानंतरचे काम अत्यंत किचकट असते. कळी फुलण्यापूर्वीच खुडावी लागते, एका झाडावरच्या सगळ्या कळ्या एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून त्याच झाडावर पुन्हा पुन्हा चढावे लागते. खुडलेले घोस देठापासून वेगळे करून चटयांवर वाळवावे लागतात आणि मध्येच पाऊस आला तर सगळे उचलून आत न्यावे लागते. हंगामात असंख्य हात एकदम लागतात आणि हंगाम संपल्यावर त्यातल्या बहुतेकांना काम उरत नाही. मजुरी देऊन हे परवडले नसते, हे मळेवाल्यांना चांगले ठाऊक होते. १८४० च्या सुमारास सईदने आपली राजधानी मस्कतहून झांझिबारला आणली ती या बदलामुळेच. १८६० च्या दशकात दर वर्षी १५ ते २० हजार माणसे या बंदरातून विकली किंवा पुढे पाठवली जात असल्याचे अंदाज इतिहासकार देतात, आणि त्यांतला मोठा वाटा झांझिबार व पेंबा या बेटांवरच राहत होता.

हस्तिदंताविषयी एक लोकप्रिय समजूत दूर करणे आवश्यक आहे. गुलामांच्या खांद्यावर सुळे लादून त्यांना किनाऱ्यापर्यंत चालवत आणायचे आणि मग दोन्ही विकायचे, हे चित्र मिशनऱ्यांच्या लिखाणातून सर्वत्र पसरले. प्रत्यक्षात आतल्या मुलुखातल्या टबोराकडून किनाऱ्यावरच्या बागामोयोकडे येणाऱ्या मध्यवर्ती वाटेवरचे बहुतेक ओझे न्याम्वेझी लोक वाहत. ते पगारी हमाल होते, आपली मजुरी ठरवून घेत आणि ती पटली नाही तर ओझे टाकून निघूनही जात. म्हणजे अतिशयोक्तीची तक्रार करणाऱ्यांचे इथे थोडे खरे आहे. तथापि जे व्यापारी हस्तिदंत आणत, त्यांतले अनेक जण गुलामही आणत. टिप्पू टिप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हमद बिन मुहम्मद याचेच उदाहरण घ्यावे: त्याचे नाव हस्तिदंताने झाले, पण त्याच्या काफिल्यांनी कांगोच्या खोऱ्यात गावेच्या गावे उजाड केली आणि बेटावरच्या त्याच्या मळ्यांवर राबणारी माणसे गुलामच होती. त्याच्या माघारी स्टोन टाउनमधले त्याचे घर अजून उभे आहे.

प्रतिसाद २ : मशीदबंदर

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

झांझिबारच्या सुलतानाकडे स्वतःचे जकात खाते नव्हते. वर्षाला ठराविक रक्कम सुलतानाला देण्याच्या बोलीवर जकातीचा मक्ता दिला जाई आणि त्याहून जास्त जे वसूल होईल ते मक्तेदाराचे. १८३० च्या दशकापासून पुढची सुमारे पन्नास वर्षे, मधला काही काळ वगळता, हा मक्ता कच्छमधल्या भाटिया समाजातील जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. हिशेब मारिया थेरेसा थेलर या चांदीच्या नाण्यांत होत असे. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर जकात होती आणि गुलामांवर ती डोईमागे होती. त्यामुळे पेढीच्या कोणत्याही भागीदाराने आयुष्यात एकही माणूस विकत घेतला नसेल असे मानले, तरी बाजारात येणारी माणसे वाढली की पेढीची शिल्लकही वाढत होती, हे नाकारता येत नाही. आपल्याकडे या विषयावर बोलताना 'आमचे लोक फक्त व्यापारी होते' असे म्हणण्याची पद्धत आहे; मला ते म्हणणे जकातीच्या वहीसमोर टिकणारे वाटत नाही.

दुसरी बाजू कर्जाची. आतल्या मुलुखात जाणारा काफिला वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ परतत नसे. त्याला लागणारे कापड, मणी, पितळी तार, बंदुका आणि बंदुकीची दारू उधारीवर पुरवणारा बहुधा हिंदुस्थानी सावकार असे. टिप्पू टिपला भांडवल पुरवणारे थारिया टोपण हे कच्छमधून आलेले खोजा व्यापारी पुढे इतके मोठे झाले की १८९० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' केले. स्टोन टाउनच्या किनाऱ्यावर जी देखणी, लाकडी सज्जांची इमारत आज 'जुना दवाखाना' म्हणून दाखवतात, ती त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. जयराम शिवजी पेढीचा झांझिबारमधला कारभार पाहणारे लधा दामजी यांच्याबद्दल आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी प्रवाशाच्या रोजनिशीत कडवट मजकूर आहे, कारण त्याच्या मदतीसाठी पाठवलेली माणसे वाण्यांच्या मालकीची गुलाम होती आणि त्यांनी त्याला मनयेमाच्या मुलुखात अक्षरशः जेरीस आणले.

कापडाची कथाही याच साखळीत बसते. १८३३ मध्ये अमेरिकेने सईदशी व्यापारी तह केला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातून येणारे जाडेभरडे सुती कापड 'मेरिकानी' या नावाने सगळ्या पूर्व आफ्रिकेत चलनासारखे वापरले जाऊ लागले. बदल्यात गेलेले हस्तिदंत कनेक्टिकटमधल्या कारखान्यांत पियानोच्या पट्ट्यांसाठी कापले जाई. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर मेरिकानीचा पुरवठा आटला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाने त्या बाजारात चांगलेच पाय रोवले. गिरणगावाच्या इतिहासात या गिऱ्हाइकाचा उल्लेख फारसा होत नाही, याचे मला नवल वाटते.

प्रतिसाद ३ : तटस्थ

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु एकोणिसाव्या शतकातील व्यापाऱ्यांना एकविसाव्या शतकाच्या मापाने मोजणे कितपत योग्य आहे? त्या काळी त्या किनाऱ्यावर गुलामगिरी कायदेशीर होती आणि सर्वांनाच ती स्वाभाविक वाटत होती.

प्रतिसाद ४ : मशीदबंदर

'सर्वांनाच' या शब्दात विकली जाणारी माणसे धरलेली नाहीत, हे सोडून देऊ. हिंदुस्थानी व्यापाऱ्यांपुरते बोलायचे तर त्यांना त्या काळच्याच कायद्याने जाब विचारला गेला होता. झांझिबारचा ब्रिटिश कॉन्सल रिग्बी, जो मुंबई फौजेतला अधिकारी होता, त्याने १८६० मध्ये असे जाहीर केले की ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रजेला गुलाम बाळगता येणार नाहीत, आणि त्याने हिंदुस्थानी मालकांच्या ताब्यातील हजारो गुलामांना मुक्तिपत्रे दिली. लगेच पळवाट शोधली गेली: कच्छ हे संस्थान आहे, तेव्हा आम्ही कच्छच्या रावांची प्रजा, इंग्रजांची नव्हे. या मुद्द्यावर पुढे अनेक वर्षे पत्रव्यवहार चालला आणि १८७३ च्या तहात संस्थानी प्रजेचाही वेगळा उल्लेख करावा लागला. माप एकविसाव्या शतकातले असते तर एकोणिसाव्या शतकातल्या माणसांना इतकी कसरत करावी लागली नसती.

सांजवारा

सर्वांचे आभार. माझ्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली. वाचनात एके ठिकाणी झांझिबारजवळ पकडलेल्या गलबतांवरील मुलांना नाशिकला आणल्याचा ओझरता उल्लेख आला होता. हे नाशिक म्हणजे आपलेच नाशिक का आणि तिथे ती मुले का आणली गेली, याविषयी कोणी सांगू शकेल काय?

प्रतिसाद ५ : गोदाकाठ

होय, आपलेच नाशिक. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या बहुसंख्य लोकांना या रस्त्याच्या नावामागचा हा इतिहास ठाऊक नसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ब्रिटिश आरमाराच्या गस्ती जहाजांनी गुलाम वाहून नेणारे गलबत पकडले की पहिला प्रश्न उभा राही तो सुटलेल्या माणसांना उतरवायचे कोठे, हा. झांझिबारला उतरवले तर ती पुन्हा बाजारात जाण्याची भीती होती. त्यामुळे अनेकांना मुंबईत आणले जाई. मोठी माणसे गोदीत, जहाजांवर आणि घरगुती चाकरीत लागत; मुलांना मिशनच्या शाळांकडे सोपवले जाई. चर्च मिशनरी सोसायटीचा विल्यम सॉल्टर प्राइस याने १८५० च्या दशकात नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली होती. तिथेच या मुलांसाठी आफ्रिकन आश्रम सुरू झाला. अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे कसब शिकवले जाई. मुलांची मूळ नावे जाऊन त्यांना इंग्रजी नावे मिळाली. घर कुठले, हे त्यातल्या अनेकांना सांगता येत नव्हते, कारण पकडले तेव्हा ती फारच लहान होती.

१८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन शेवटच्या मोहिमेच्या तयारीसाठी मुंबईत आला, तेव्हा त्याने या शाळेतील नऊ तरुण बरोबर घेतले. आफ्रिकेच्या अंतर्भागात जाणाऱ्या इंग्रजाला वाटाडे आणि साथीदार मिळाले ते गोदाकाठी वाढलेले. त्यातले सगळे टिकले नाहीत. त्यानंतर १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी जी तुकडी धाडली गेली, तीत नाशिकचे आणखी काही जण होते आणि त्यांत जेकब वेनराइट हा याओ जमातीचा तरुण होता. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला. त्याचे काळीज तिथेच झाडाखाली पुरले, त्या झाडावर नाव आणि तारीख कोरली ती जेकबने. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि चुमा, सुसी व इतर साथीदारांनी तो महिनोन्महिने चालत बागामोयोला आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनविधी झाला, तेव्हा खांदा देणाऱ्यांत जेकब होता. चुमा आणि सुसी यांना मात्र वेळेवर तिथे नेण्याची तजवीज कोणी केली नाही, याची खंत पुढे अनेकांनी व्यक्त केली आहे.

बाजार बंद करण्याच्या वाटाघाटीसाठी झांझिबारला गेलेला सर बार्टल फ्रियर हा पूर्वी मुंबईचा गव्हर्नर होता, त्यामुळे नाशिकचा आश्रम त्याच्या चांगल्या परिचयाचा होता. सुटका झालेल्यांची वसाहत आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर असावी, असा त्याने आग्रह धरला आणि १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रियर टाउन वसले. ते वसवायला पुन्हा प्राइसच गेला आणि त्याने नाशिकमध्ये वाढलेले, इथेच लग्ने झालेले आफ्रिकी तरुण बरोबर नेले. मोंबासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. इंग्रजी आणि हिंदुस्थानी येणारे, हातात कसब असलेले हे लोक तिथल्या मिशनमध्ये शिक्षक, लोहार, सुतार झाले. स्थानिक लोकांना ते परके वाटत आणि गोऱ्या मिशनऱ्यांना ते फार स्वतंत्र बाण्याचे वाटत.

प्रतिसाद ६ : पलीकडचा काठ

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणीच दिलेले नाही, म्हणून प्रयत्न करतो.

१८७२ च्या एप्रिलमध्ये झांझिबार बेटावर भयंकर चक्रीवादळ झाले आणि लवंगेची बहुतेक झाडे उन्मळून पडली. पेंबा बेट मात्र बचावले. पुढच्या जानेवारीत फ्रियर आला तेव्हा सुलतान बर्गश याने, वादळाने आधीच कंबरडे मोडलेल्या प्रजेवर हा दुसरा घाव घालणे आपल्याला शक्य नाही, असे सांगून नकार दिला. (हा बर्गश तरुणपणी भावाविरुद्ध बंड केल्याबद्दल मुंबईत नजरकैदेत राहिलेला होता, इंग्रजांचे आरमार काय करू शकते, हे त्याला सांगण्याची गरज नव्हती.) फ्रियर हात हलवत परतला. त्यानंतर कॉन्सल जॉन कर्क याने बेटाची नाकेबंदी करण्याची धमकी पुढे केली आणि ५ जून १८७३ रोजी बर्गशने सही केली. समुद्रमार्गे गुलाम नेण्यास बंदी आली आणि शहरातला बाजार बंद झाला.

गुलाम बाळगणे मात्र कायदेशीरच राहिले. मळ्यात राबणारा माणूस ६ जून रोजीही मालकाचाच होता. इतकेच नव्हे, तर बेटावरची झाडे पडल्यामुळे लवंगेचा भाव चढला होता आणि पेंबाच्या मळेवाल्यांना माणसे हवी होती, त्यामुळे चोरटी वाहतूक तेजीत आली. किल्वाहून काफिले किनाऱ्याने पायी उत्तरेकडे चालवत न्यायचे आणि पेंबासमोर आले की रात्रीच्या अंधारात गलबताने पलीकडे उतरवायचे, अशी नवी वाट पडली. १८७६ मध्ये बर्गशला जमिनीवरच्या काफिल्यांवरही बंदी घालावी लागली. झांझिबारच्या बंदरात गस्तीसाठी कायम नांगरून ठेवलेल्या 'लंडन' या युद्धनौकेचा कॅप्टन ब्राउनरिग याला १८८१ च्या डिसेंबरात पेंबाजवळ फ्रेंच निशाण लावलेल्या एका गलबतावरच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी ठार केले, यावरून या धंद्यात तेव्हाही किती पैसा होता हे लक्षात यावे.

१८९० मध्ये झांझिबार ब्रिटिश संरक्षणाखाली आले, तरी गुलामगिरीचा कायदेशीर दर्जा रद्द व्हायला १८९७ उजाडले. तेव्हाही कोणी आपोआप मुक्त झाला नाही. ज्याला मुक्ती हवी त्याने न्यायालयात जाऊन मागायची, राहण्याची जागा आणि पोटापाण्याची सोय दाखवायची, आणि ती दाखवता आली नाही तर भटका म्हणून शिक्षेस पात्र व्हायचे. भरपाई मालकाला मिळे. रखेल म्हणून ठेवलेल्या स्त्रियांना या कायद्यातून वगळले होते. त्यांच्यापर्यंत तो १९०९ मध्ये पोहोचला. इंग्रज सरकारलाही मळे बंद पडायला नको होते, हे या अटींवरून स्पष्ट दिसते.

सुटलेली माणसे राहिली कुठे, हा प्रश्न स्टोन टाउनचे कौतुक करताना सहसा विचारला जात नाही. जुन्या शहराच्या पूर्वेला एक खाडी होती. तिच्या पलीकडे न्गाम्बो ही कुडाच्या, मातीच्या आणि झावळ्यांच्या घरांची वस्ती वाढत गेली आणि मळे सोडून आलेले लोक तिथे उतरले. पुढे खाडी बुजवून तिचा रस्ता झाला, पण दोन्ही काठांमधले अंतर बुजले नाही. या पलीकडच्या काठाला आवाज मिळाला तो सिती बिंती साद या गायिकेचा. ती गुलाम आईबापांच्या पोटी फुंबा गावात १८८० च्या सुमारास जन्मली, तिचे जन्मनावच 'म्तुम्वा', म्हणजे दासी, असे ठेवले होते आणि आईने घडवलेली मडकी ती गाणी म्हणत दारोदार विकत असे. सुलतानाच्या महालात अरबीत गायले जाणारे ताराब हे संगीत तिने न्गाम्बोच्या अंगणात स्वाहिलीत आणले. १९२८ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी ती मुंबईला आली आणि एचएमव्हीने काढलेल्या तिच्या तबकड्या सगळ्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाजल्या. बड्या लोकांची लबाडी, पैशावर फिरणारा न्याय, स्त्रियांवर होणारा अन्याय हे तिच्या गाण्यांचे विषय होते.

पोशाखातही हा बदल दिसत होता. गुलाम स्त्रिया मेरिकानी किंवा ते निळीत रंगवून केलेले गडद 'कनिकी' नेसत. मुक्ती मिळाल्यावर त्यांनी ते टाकले आणि रंगीत छापाच्या 'कंगा'च्या जोड्या घेतल्या, आणि नवा छाप बाजारात आला की तो अंगावर मिरवणे ही न्गाम्बोत मोठी हौस होऊन बसली. मालकिणीने नेसायचे काय आणि दासीने नेसायचे काय, हे जिथे ठरलेले असते, तिथे या हौसेला नुसती हौस म्हणता येणार नाही.

सांजवारा

अत्यंत आभारी आहे. शेवटचा एक प्रश्न. चर्चशेजारच्या इमारतीखाली जी बुटकी तळघरे गुलामांच्या कोठड्या म्हणून दाखवली जातात, ती खरोखर त्या काळातली आहेत का? आणि या विषयाचे मूळ कागद मुंबईत पाहता येतात का?

प्रतिसाद ७ : जुनी वही

तळघरांबाबत इतिहासकार साशंक आहेत आणि मला त्यांचे म्हणणे पटते. ती इमारत मिशनने बाजार बंद झाल्यानंतर, दवाखान्यासाठी बांधली. मग तिच्या पायाखालच्या खोल्यांत बाजारातली माणसे कोंडली जात होती, हे कसे जुळायचे? त्या खोल्यांची साठवणीसाठी सोय केली असण्याचा संभव अधिक. शहराच्या उत्तरेला किनाऱ्यालगत मंगापवानी येथे प्रवाळाच्या खडकात कोरलेली जी कोठडी आहे, तिचा संबंध मात्र १८७३ नंतरच्या चोरट्या वाहतुकीशी सांगितला जातो आणि ती जागा पाहिल्यावर तो सहज समजतो. चर्चच्या आवारात स्वीडिश शिल्पकार क्लारा सॉर्नास हिने १९९८ मध्ये केलेले स्मारक अवश्य पाहावे: जमिनीखाली खोदलेल्या चौकोनी खड्ड्यात पाच माणसे उभी आहेत आणि त्यांच्या गळ्यातली साखळी खरी, त्या काळातली आहे. तळघरात वाटाडे जे सांगतात ते ऐकावे, पण त्यांना उलटतपासणी करण्यापेक्षा वेळ या खड्ड्यापाशी घालवावा.

कागदांबाबत: झांझिबारची ब्रिटिश वकिलात बराच काळ मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती, त्यामुळे हॅमर्टन, रिग्बी यांच्या काळातला पुष्कळ पत्रव्यवहार मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारात राजकीय खात्याच्या बाडांत आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत रीतसर अर्ज करून बाडे मागवता येतात. मुक्तिपत्रांविषयीचा आणि कच्छी प्रजेच्या वादाविषयीचा मजकूर पाहायचा असेल तर १८५८ ते १८६१ या वर्षांपासून सुरुवात करावी, म्हणजे रिग्बीचा सगळा काळ हाती येतो. वकिलातीच्या स्वतःच्या दप्तराचा मोठा भाग झांझिबारच्या किलिमानी भागातील राष्ट्रीय पुराभिलेखागारात आहे; तिथे जाणार असाल तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी.